बॅटरीबाई १२८ व्हीएफ यांस अनावृत पत्र

श्रीमती बॅटरीबाई १२८ व्हीएफ, १२,००० एमएएच, यांस


आपलं आमच्या घरी आगमन झालं ते ऐन मे महिन्यात. पडवीवरचे पत्रे बदलायचे होते आणि पाऊस काही कुणाची वाट बघत नाही. सुताराच्या कॉर्डलेस ड्रिलची जुनी बॅटरी चार स्क्रू झाले की मान टाकायची. वायर ओढून पत्र्यावर चढायचं म्हटलं, तर त्या दिवसांत आमच्याकडे लाइटचा काय भरवसा? म्हणून त्याने आपल्याला ऑनलाइन बोलावून घेतलं. ड्रिलच्या कंपनीची बॅटरी मिळते त्याच्या चौथाई किमतीत आपण आलात, वर चार्जर आहेर म्हणून. "अण्णा, एकशे अठ्ठावीस व्होल्ट आहे, आणखी काय पाहिजे?" सुतार म्हणाला.

खरंच, आणखी काय पाहिजे! घरात येते ती लाइन २३० व्होल्टची. तिच्या निम्म्याहून जास्त तेज आपण मुठीएवढ्या डब्यात घेऊन बसलात. आपले १२,००० एमएएच म्हणजे १२ अँपिअर-तास, आणि १२८ गुणिले १२ म्हणजे १,५३६ वॉट-तास. विमानात सुटी लिथियम बॅटरी हातातल्या बॅगेतून न्यायची, तर विनापरवानगी मर्यादा १०० वॉट-तासांची. आपण मात्र कुरियरवाल्याच्या पिशवीत, चपला आणि शांपूच्या बाटल्यांच्या मधोमध बसून आलात. केवढा हा विनय.

घरचा भेदी निघाला तो आपलाच चार्जर. त्याच्या पाठीवर बारीक अक्षरांत लिहिलंय: आउटपुट २१ व्होल्ट. लिथियम-आयनचा एक सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्टवर जातो. एकामागे एक पाच जोडले की २१, आणि काम करताना सरासरी ३.६ धरले तर १८. म्हणजे आपण चारचौघींसारख्या अठरा व्होल्टच्या. त्यात लाजायचं काय होतं? थोडं वय चोरायची रीत मोठ्या घरांतही आहे. डिवॉल्ट त्याच पाच सेलांना अमेरिकेत '२० व्होल्ट मॅक्स' म्हणते आणि युरोपात १८. पण अठराचे एकशे अठ्ठावीस करायचे म्हणजे छाती लागते.

राहिले ते १२,००० एमएएच. त्याचा निकाल बाजारातल्या किराणा दुकानात लागला. आपल्यासारख्यांच्या पोटात बहुधा असतो तो १८६५० सेल १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब आणि ४५ ते ५० ग्रॅम वजनाचा. त्यात फार तर ३,५०० एमएएच मावतात, आणि ड्रिलला लागतो तसा दणकून प्रवाह देणारा सेल घेतला तर अडीच-तीन हजार. म्हणजे बारा हजारांसाठी पाच-पाच सेलांच्या चार ओळी हव्यात. वीस सेल, नुसते सेलच जवळजवळ किलोभर. आपल्याला काट्यावर बसवलं, काटा ३८० ग्रॅमवर थांबला. दुकानदाराने सवयीने विचारलं, "अजून घालू?"

घरी येऊन तळाचे चार स्क्रू काढले. दहा सेलांच्या घरात पाच भाडेकरू, बाकीच्या खोल्या रिकाम्या.

तेही पॉवर बँकेतले असावेत, असा माझा संशय आहे. अशा सेलात साठा बरा असतो, पण एकदम प्रवाह मागितला की आतला विरोध आडवा येतो, व्होल्टेज कोसळतं आणि सेल तापतो. स्क्रू पत्र्यातून मजेत जायचा, खालच्या लोखंडी पाइपाला टेकला की आपला आवाज बसायचा. नुसत्या ड्रिलला दोन अँपिअर-तासांची, एका ओळीची चांगली बॅटरी पुरते, आणि पत्र्यावर हात वर करून काम करणाऱ्याला हलकी बॅटरी हेच सुख. ग्राइंडर चालवायचा तर दोन ओळींची, चार-पाच अँपिअर-तासांची हवी. दोन ओळींत भार निम्मा-निम्मा वाटला जातो. घराणंही जुळावं लागतं: बॉशच्या निळ्या अवजारांची बॅटरी त्यांच्याच हिरव्या अवजारांना बसत नाही.

आकड्यांनी दिपून जाण्याचं आमचं वय गेलं, बाई. आमच्याच गुहागर तालुक्यात, अंजनवेल-वेलदूरच्या कातळावर, एन्रॉनची दाभोळ वीज कंपनी उभी राहिली. दोन टप्पे मिळून २,१८४ मेगावॅट. ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा १९९९ साली सुरू झाला आणि २००१ साली बंदही पडला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात एन्रॉनने अमेरिकेत दिवाळखोरी जाहीर केली. २००५ मध्ये तो प्रकल्प चालवायला रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही नवी कंपनी निघाली. पण न्यायाने बोलायचं तर तिथल्या पहिल्या टप्प्याचे मेगावॅट खरे होते, भांडण विजेच्या दराचं होतं. आपलं उलट. दर गोड आणि आकडाच खोटा.

तेवढ्यावर भागलं असतं तर हे पत्र लिहिलं नसतं. चांगल्या बॅटरीच्या तोंडाशी प्लस-मायनसखेरीज आणखी एखाददुसरी पट्टी असते. तिथून चार्जर आतल्या सेन्सरला तापमान विचारतो आणि गरम असेल तर थांबतो. आपल्याला पट्ट्या दोनच. पत्र्यावर दुपारभर भाजून निघालेल्या आपण तशाच चार्जरला लागता, विचारणारं कोणी नाही. पाचांतला एक सेल मागे पडला तर एकूण २१ व्होल्ट भरण्याच्या नादात बाकीचे ४.२च्या पुढे ढकलले जातात. प्रत्येक सेलावर वेगळी नजर ठेवणारं सर्किट आत दिसलं नाही. आग लागते ती अशाच ठिकाणी.

त्यापेक्षा जुन्या बॅटरीचे सेल चिपळूणला बदलून घेतलेले काय वाईट? मात्र पाचही नवे, एकाच जातीचे हवेत, आणि जोड डागाचे नकोत, स्पॉट वेल्डिंगचे हवेत, कारण डाग देताना सेल भाजतो. जोडपट्टी शुद्ध निकेलची आहे का हेही बघावं. तिच्यावर ओरखडा काढून रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवायची. आत लोखंड असेल तर सकाळी तांबूस गंज दिसतो. खारं पाणी गुहागरात विकत आणावं लागत नाही.

तर आता एवढंच कळवा. अशा बॅटरीवर बीआयएसची नोंदणी आणि 'आर'ने सुरू होणारा क्रमांक लागतो, आपला कुठे आहे? २०२२च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरून झालेली बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकाची, आपला उत्पादक कोण? डब्यावर नाव नाही, गाव नाही. टर्मिनलवर चिकटपट्टी लावून आपल्याला परत पाठवायला निघालो, तर कुरियरवाला हात लावेना. म्हणतो, लिथियम बॅटरी असेल तर कागदपत्रं लागतात. येताना कशी लागली नाहीत, ते त्याला माहीत नाही.

आपला,
वरचापाट, गुहागर येथील एक पत्रेवाला