चौकटीतलं गाव

चंदीगडमध्ये हरवायचं असेल तर बहुधा रीतसर अर्ज करावा लागतो. सगळं शहर पट्टीनं आखलेलं. एकेक सेक्टर साधारण 800 बाय 1200 मीटरचा. रस्त्यावरच्या जुन्या बिडाच्या झाकणांवरसुद्धा शहराचा नकाशा ओतलेला आहे. ही झाकणं म्हणे परदेशातल्या लिलावांतही जाऊन आली.

आम्ही उतरलो होतो सेक्टर 34 मध्ये. एका बाजूला पासपोर्ट कार्यालय, दुसरीकडे कोचिंग क्लासच्या पाट्यांचं रान, शिवाय प्रदर्शनाचं मैदान. इथला निम्मा तरुण वर्ग परीक्षेच्या घाईत आणि उरलेला विमानाच्या. "इकडे नकाशे कुठे मिळतात?" असं लॉजवाल्याला विचारलं, तर त्यानं अतिशय आपुलकीनं विचारलं, "कॅनडा दा?" "नाही, इथलाच," म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला.

दक्षिण मार्गानं 33 ओलांडला की 32 मध्ये भारतीय सर्वेक्षण विभाग. 1767 पासून हे खातं देश मोजतंय. इथं नकाशा मागायची एक ऐट असते. गावाचं नाव घ्यायचं नाही, शीटचा नंबर सांगायचा. सह्याद्रीत भटकून मला पुण्याचा जुना नंबर पाठ: 47 एफ/14. त्याच जुन्या हिशेबानं सेक्टर 34 येतो 53 बी/14 मध्ये. दोन्हीकडे चौदा! "पत्रिका जुळली," मी म्हणालो. "गुण किती ते बघा आधी," सौ. म्हणाली.

काउंटरवरच्या सरदारजींनी शीट टेबलावर पसरली. गुंडाळलेला कागद पुन्हा गुंडाळी होण्याच्या जिद्दीनं उठायचा. मग एका कोपऱ्यावर स्टेपलर, दुसऱ्यावर माझ्या चष्म्याचं घर, तिसऱ्यावर सौ.ची पर्स आणि चौथ्यावर खुद्द सरदारजींचा पंजा, असा बंदोबस्त झाला.

आणि मग गंमत सुरू झाली. दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर. तपकिरी समोच्च रेषा, कोरड्या ओढ्यांच्या काळ्या रेघा. पण ते सुप्रसिद्ध सरळ शहर चक्क तिरकं बसलेलं! पर्यटकांच्या पत्रकात कॅपिटॉल डोक्यावर ठेवून शहर ताठ उभं करतात. सर्वेक्षणवाले उत्तर दिशा वर ठेवतात, मग शहर आखणारा ल कॉर्बुझिए असो की आणखी कोणी. बाहेरचा दक्षिण मार्गही नीट दक्षिणेला जात नाही, हे तिथंच उघडकीला आलं. आणि ते कॅपिटॉल शोधायला गेलो तर शीटच संपली. 30 अंश 45 मिनिटांवर कागदाची हद्द. विधानसभा, हायकोर्ट सगळं वरच्या 13 नंबरमध्ये.

"वो भी दे दूँ?" सरदारजी. दागिन्यांच्या दुकानात जुळे कानातले दाखवतात, तोच सूर.

"एका शहराला दोन-दोन कागद?" सौ. म्हणाली खरी, पण तिची नजर शीटवरून हलेना. सगळ्या सरळ रेघांच्या मध्ये, चौतिसाच्या कोपऱ्याला तिरकस लागून असलेल्या 45 मध्ये, तिला घरांचा एक वेडावाकडा पुंजका सापडला होता. "अहो, हे काय सांडलंय?"

"बुडैल," सरदारजी म्हणाले. "पुराना गाँव है जी." शहर आखलं गेलं त्याच्याही आधीचं. आखणाऱ्यांनी भोवती चौकट टाकली, गल्ल्या मात्र गावाच्या गावाकडेच राहिल्या.

संध्याकाळी बुडैल गाठलं. गल्ली एवढी अरुंद, की शीट उलगडायला जागा नाही. डोक्यावर वायरींचं जाळं, बाजूला शिवणयंत्रं, समोरून येणारी स्कूटर आणि तिला वाट देणारे आपण. मुख्य रस्ता कुठे, असं विचारलं. तिघांनी तीन दिशा दाखवल्या, तिन्ही सारख्याच ठामपणे, आणि चौथा त्या तिघांशी भांडायला आला.

सौ.नं नकाशाची गुंडाळी माझ्या काखेत खोचली आणि समाधानानं म्हणाली, "चला, चंदीगडमध्ये कुणीतरी बोलायला भेटलं!"