मेहुण्याचा मेंढा

इंग्लंडात पाहुणा आणण्यापेक्षा मेंढा आणणं अवघड आहे. २०२४ च्या ऑक्टोबरअखेरीस आम्ही उभयता आणि एक भाड्याचा मेंढा एकाच दिवशी दादांच्या दारात उतरलो, म्हणून हे अधिकाराने सांगतो. आम्ही लेडबरी स्टेशनवरून टॅक्सीने आलो, कोणी काही विचारलं नाही. मेंढा जेमतेम तीन मैलांवरून आला, पण त्याच्यासोबत कागद होता. निघाल्या शेताचा सरकारी क्रमांक, पोचायच्या शेताचा क्रमांक, कानातल्या बिल्ल्याचा क्रमांक, गाडीचा क्रमांक. शिवाय मेंढा आवारात शिरला की पुढले सहा दिवस तिथलं एकही मेंढरू, गाय, बकरी किंवा डुक्कर बाहेर हलवायचं नाही, असा कायदा.

"तुम्हाला लागू नाही हां, भावोजी," वहिनी हसून म्हणाल्या. सहा दिवसांनंतर आवारात राहता येणार नाही, असा उलटा कायदा पाहुण्यांसाठी हवा, हे आमच्या दोन अगडबंब बॅगांकडे बघताना त्यांच्या मनात आलं असावं.

दादा म्हणजे हिचे मामेभाऊ. गाव वाईजवळ, घरची चार एकर जमीन. लहानपणी अभ्यासाचा कंटाळा केला की मामा गरजायचे, "शिकला नाहीस तर मेंढरं राखत बसशील!" पोरगं भेदरून शिकलं. डॉक्टर झालं, भूलतज्ज्ञ झालं, इंग्लंडला गेलं, तिथल्या सरकारी इस्पितळात उभा जन्म काढून निवृत्त झालं आणि साठलेल्या पैशांतून हेरफर्डशायरमध्ये पाच एकर घेऊन मेंढरं राखत बसलं. मामा आज हयात नाहीत, ते एका परीने बरंच.

मेंढरं आठ, रायलँड जातीची. ही इथलीच जात, लेमस्टरच्या मठातल्या साधूंनी जोपासलेली. मध्ययुगात तिच्या लोकरीला एवढा भाव होता की तिला 'लेमस्टरचं सोनं' म्हणत. आता कातरणाऱ्याची मजुरीसुद्धा लोकरीतून सुटत नाही. माळ्यावर पोती साठली आहेत. भाऊबीजेला ओवाळणीच्या तबकात काय पडणार याचा अंदाज मला तेव्हाच यायला हवा होता.

मेंढा सोडण्याआधी प्रत्येक मेंढीची तपासणी असते. दात, कास, खूर, आणि पाठीच्या कण्यावर बोटं दाबून अंगावर मांस किती ते बघून एक ते पाचात गुण द्यायचे. खूर कापण्यासाठी मेंढीला उचलून ढुंगणावर बसवावं लागतं. हे वाचायला सोपं आहे. मेंढी सत्तर किलोची, दादा सत्तरीचे, आणि जमीन तिथल्या त्या प्रसिद्ध तांबड्या चिकणमातीची, जिच्यात गमबूट रुततो आणि पाय तेवढा वर येतो. पण मेंढी एकदा का ढुंगणावर बसली, की डोळे अर्धवट मिटून निपचित होते. आयुष्यभर माणसांना झोपवण्यासाठी नळ्या, सुया आणि सह्यांचे फॉर्म लागलेला हा गृहस्थ त्या क्षणी इतका कृतार्थ दिसतो, की खूर कापायचं तोच विसरतो.

"एकही फॉर्म नाही, जावईबापू!" ते म्हणाले. वहिनी मागे रजिस्टर घेऊन उभ्याच होत्या.

कागदांचा कारभार वहिनींकडे. त्यांच्या बारा कोंबड्याही नोंदलेल्या आहेत. १ ऑक्टोबर २०२४ पासून इंग्लंडमध्ये एक कोंबडी पाळली तरी नोंदणी सक्तीची झाली, बर्ड फ्लूमुळे. पण खरी कमाल पुढे आहे. स्वयंपाकघरातून आलेलं काहीही कोंबडीला किंवा डुकराला घालणं या देशात गुन्हा आहे. २००१ च्या लाळ्या-खुरकुताच्या साथीने लाखो जनावरं मारावी लागली, तेव्हापासून नियम कडक झाले. कोबीचं पान वाफ्यातून थेट कोंबडीपुढे टाकलं तर चालतं. तेच पान स्वयंपाकघरात जाऊन आलं की विटाळलं. "आम्ही शाकाहारी आहोत," असं वहिनींनी एकदा कळवून पाहिलं. उत्तर आलं, शाकाहार पुरेसा नाही, घरात दूध-तूपही येता कामा नये. माझ्या आजीचं सोवळंही इतकं कडक नव्हतं. तिला निदान दूध चालायचं.

तेव्हा रोजचा देखावा असा. पाऊस रिमझिमतोय आणि वहिनी उंबऱ्याच्या बाहेर, एका हातात छत्री धरून, कोबी निवडताहेत. चांगला गड्डा आत, पाला कोंबड्यांना. एकदा मी मदत म्हणून गड्डा आत नेला आणि देठ बाहेर आणून टाकायला निघालो, तेव्हा त्या अशा काही ओरडल्या की कोंबड्याच पळाल्या. एवढं करून कोंबड्या अंडी देत नव्हत्या. दिवस लहान झाला की त्या पिसं गाळतात आणि दुकान बंद करतात. त्यांना चौदा-सोळा तास उजेड लागतो. फाटकापाशी वहिनींची अंड्यांची पेटी आहे: अंडी घ्या, डब्यात पैसे टाका, पाहायला कोणी नाही. अंडी नाहीत म्हणून पेटी रिकामी ठेवली, तर सकाळी तिच्यात तीन जंगी भोपळे. पैसे चोरणारा या भागात सापडत नाही, पण शरद ऋतूत परसातले भोपळे दुसऱ्याच्या दारात सोडून पसार होणारे पुष्कळ. वहिनींनी ते अंधार पडल्यावर पुढच्या फाटकात पोचवले.

या काऊंटीत शरद म्हणजे सफरचंद, आणि सफरचंद म्हणजे खायचं नव्हे. पहिल्याच दिवशी झाडाखालचं एक लालबुंद फळ मी कोटाला पुसून चावलं. जीभ टाळूला चिकटली ती चहा होईपर्यंत सुटली नाही. ही सायडरची जात, तुरट आणि कडू, आणि तो तुरटपणा हाच तिचा गुण. झाडांना नावं मात्र भारदस्त: फॉक्सव्हेल्प, किंग्स्टन ब्लॅक, ब्राउन स्नाउट. कुंपणाजवळ नासपतीचं एक अवाढव्य झाड आहे, त्याच्या जातीला इथे 'स्टिंकिंग बिशप' म्हणतात. त्याच्या फळांच्या दारूत धुतलेलं त्याच नावाचं चीजही मिळतं. दादांनी ते फ्रिजमधून काढलं तेव्हा ही म्हणाली, "दादा, फ्रिजमध्ये काहीतरी गेलंय." ते खायचं होतं.

सफरचंदं पाडायला आकडा लावलेली लांब काठी असते. फांदीला आकडा अडकवून गदागदा हलवायची. काठी दादांच्या हातात, डोकं माझं. मग ओल्या गवतात गुडघ्यांवर बसून वेचायची, आणि प्रत्येक तिसऱ्या फळात आंबलेला रस पिऊन धुंद झालेली गांधीलमाशी असते, तिचा मूड बघून. फळं यंत्रात भरडायची, चोथा कापडात बांधून थरावर थर रचायचे, वरून दाबाचा स्क्रू फिरवायचा. रस ओघळतो तपकिरी. यीस्ट घालत नाहीत, सालीवरचं आपोआप काम करतं. वर्षाला ७००० लिटरपर्यंत सायडर करणाऱ्याला कर नाही. हे दादा मला दोनदा अभिमानाने म्हणाले, जणू सरकार त्यांच्यापुढे नमलं होतं. त्यांची सगळी मिळून दोनशे लिटर होते.

पूर्वी इथल्या शेतमजुरांना मजुरीचा काही भाग सायडरमध्येच मिळे. १८८७ साली पार्लमेंटने कायदा करून ते बंद केलं. आणि त्याच १८८७ साली हेरफर्ड शहरात पर्सी बुल्मर या पाद्र्याच्या मुलाने सायडरचा धंदा सुरू केला, जो पुढे जगभर पसरला. मजुरीतून गेलेली सायडर मजुरांना आता विकत मिळण्याची सोय झाली. दादा जुनं चालवतात. संध्याकाळी त्यांनी मला गेल्या वर्षीच्या सायडरचा मग दिला आणि कायदा १३७ वर्षांनी मोडीत निघाला.

घड्याळ मागे घ्यायचा रविवार येऊन गेला, तेव्हा साडेचारनंतर अंधारायला लागलं. त्यातच दिवाळी आली. नरकचतुर्दशी नेमकी ३१ ऑक्टोबरला, म्हणजे हॅलोवीनच्या दिवशी. तिथे सूर्यच सातला उगवतो, त्यामुळे पावणेसातला उठूनही नरक टळतो ही या देशाची मोठी सोय. कारीट कुठून मिळणार? दादांनी डाव्या अंगठ्याखाली फॉक्सव्हेल्प फोडलं. चव बघता नरकासुराला फरक कळला नसता. संध्याकाळी गावातली पोरं सांगाडे आणि चेटकिणी होऊन दारात आली. वहिनींनी प्रत्येकाच्या पिशवीत एकेक चकली टाकली. एका सांगाड्याने ती तिथेच चाखली आणि थोड्या वेळाने तोच सांगाडा भूत बनून परत आला.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुपारी गावाहून फोन. वाईची चार एकर दादांनी एका वाटेकऱ्याला कसायला दिली आहे. तिकडे संध्याकाळ, दिवे लागलेले, वाटेकरी पांढऱ्या शर्टात, ओसरीवर खुर्ची टाकून. दादा इकडे गुडघाभर तांबड्या चिखलात, दोन हातांत दोन बादल्या. फोन मी धरलेला. मेंढ्यांच्या हौदाला पाणी बादल्यांनीच न्यावं लागतं.

"ऊस बेस हाय, डॉक्टर," तो म्हणाला. "थांबा हां, पंप चालू करायचा ऱ्हायलाच." त्याने खुर्चीतून न उठता दुसऱ्या मोबाइलवर बोट दाबलं. मग कॅमेऱ्यात डोळे बारीक करून दादांकडे जरा वेळ पाहिलं. "डॉक्टर, एक बोलू का? एखादा गडी ठेवा की."

दादा काही बोलले नाहीत. बादल्या उचलून चालू लागले. नंतर वहिनींनी सांगितलं, की दर दिवाळीला तो हेच सांगतो.

पावसाचा जोर होता म्हणून एक दिवस हेरफर्डला कॅथीड्रल बघायला गेलो. तिथे सन १३०० च्या सुमाराचा, एकाच कातड्यावर काढलेला जगाचा मोठा नकाशा आहे, 'माप्पा मुंडी'. मध्यभागी जेरुसलेम, आणि वरच्या बाजूला पूर्व. म्हणजे आपण वर! इंग्लंड खाली डावीकडे कोपऱ्यात चेपलेलं. मी हे दादांच्या लक्षात आणून दिलं. त्यांनी मला हिंदुस्थानात राहणारे लोक दाखवले: एकच पाय असलेला माणूस आडवा पडलाय आणि आपलं प्रचंड पाऊल डोक्यावर छत्रीसारखं धरतोय. ती छत्री उन्हासाठी होती. बाहेर आलो तर पाऊस आडवा लागत होता, आमच्या दोन छत्र्या उलट्या झाल्या, आणि त्या चित्रकाराला इंग्लंडचा अनुभव असूनही त्याने असला पाय हिंदुस्थान्यांना का दिला, ते समजेना.

भाऊबीजेला हिने ओवाळलं. तबकात पडलं रायलँडच्या लोकरीचं एक अख्खं पोतं, न धुतलेलं. त्याचा वास स्टिंकिंग बिशपला मान खाली घालायला लावेल असा. "हातमोजे विण," दादा म्हणाले. ही लोकर बघून हसली, पण ते हसू मी ओळखतो. पोतं आमच्या वजनमर्यादेत बसत नाही हे तिने लगेच विमान कंपनीच्या साइटवर बघून सिद्ध केलं.

आणि मग ५ नोव्हेंबर. मेंढा सोडायचा मुहूर्त. इकडचे मेंढपाळ हाच दिवस धरतात, कारण मेंढी सुमारे १४७ दिवसांनी विते आणि ५ नोव्हेंबरपासून मोजलं की बरोबर १ एप्रिल येतो. तोवर गवत फुटलेलं असतं. आधी दोन-तीन आठवडे मेंढ्यांना चांगल्या कुरणात चरवून अंग धरू देतात, म्हणजे जुळी होण्याची शक्यता वाढते. मेंढ्याच्या छातीला रंगाचा लेप लावतात. त्याने काम केलं की मेंढीच्या पाठीमागे तो रंग उमटतो आणि मालकाला तारीख कळते. पहिले सतरा दिवस पिवळा, मग लाल, मग निळा. सतरा दिवसांनी माज परत येतो, म्हणून पिवळीवर लाल उमटला की पहिला प्रयत्न वाया गेला असं समजायचं.

"मेंढ्याकडे पाठ करू नका, भावोजी," वहिनींनी डबा माझ्या हाती देताना बजावलं होतं. दादांनी हनुवटीखाली हात घालून मेंढ्याचं डोकं वर धरलं, मी कोपरापर्यंत पिवळा होत लेप थापला. फाटक उघडलं. आठ मेंढ्या लांब उभ्या राहून, लक्ष नाही असं दाखवत चरत होत्या.

नेमक्या त्याच वेळी गावात आतषबाजी सुरू झाली. १६०५ साली गाय फॉक्स आणि मंडळींनी पार्लमेंट उडवायचा कट केला, तो फसला, म्हणून हे लोक आजही त्या दिवशी फटाके उडवतात. पहिला बाण सुंदर गेला, हिरवा आणि सोनेरी. मी बघायला वळलो.

पुढचं अंधारात झालं. मागून काहीतरी आलं, मी तोंडावर चिखलात गेलो, आणि शंभर किलोचा तो जीव मला वळसा न घालता, थेट माझ्यावरून, आपल्या कामाला निघून गेला.

सकाळी चहाच्या वेळी वहिनी रजिस्टर लिहायला बसल्या. "पिवळ्या झालेल्या," त्या मोठ्याने वाचत लिहू लागल्या, "तीन मेंढ्या. आणि भावोजींचा कोट, मागून."

दादांनी चष्मा लावला. भिंतीवरचं कॅलेंडर उलगडून पाहिलं. मग हिच्याकडे वळून, पेशंटच्या नातेवाइकांशी बोलायच्या जुन्या आवाजात म्हणाले, "१ एप्रिल. तोपर्यंत त्याला चांगलं खायला घाल."