थ्री फेज शांतता

नाशिक हे शांत गाव आहे असं फक्त मुंबईकर म्हणतात. शुक्रवारी रात्री कसारा घाट चढून ते येतात, गंगापूर धरणाच्या कडेला कुठल्यातरी रिसॉर्टात पडून राहतात, वाइन चाखून मान हलवतात आणि रविवारी संध्याकाळी ‘काय पीस आहे रे तुमच्याकडे!’ असं सांगून परत जातात. हा पीस नेमका कुठे ठेवलेला असतो, ते आम्हा नाशिककरांना अजून सापडलेलं नाही. आमच्या घरासमोर मंगल कार्यालय आहे. लग्नसराईत गॅलरीच्या काचा अशा थरथरतात की, वरात मुलाकडून निघाली की दारात पोचली, हे माझी बायको स्वयंपाकघरातून काचेच्या आवाजावर सांगते. तिथी नसते तेव्हा साखरपुडे असतात. साखरपुडे नसतात तेव्हा डीजेवाले नवीन स्पीकर तपासून बघतात.

अशातच भाच्याने तैवानहून व्हिडिओ पाठवला. भाचा तिकडे नोकरीला आहे. सुट्टीत तो चिशांग नावाच्या गावी गेला होता. तैवानच्या पूर्वेकडचं, तैतुंग भागातलं हे भातशेतीचं गाव. दोन्ही बाजूंना डोंगर, मध्ये हिरवी खाचरं आणि त्यांतून जाणारा एक सरळ रस्ता, ज्याच्या कडेला विजेचा एकही खांब नाही. एका कॉफीच्या जाहिरातीत झळकला म्हणून रस्त्याला त्या कॉफीचंच नाव पडलं. 2013 साली एका विमान कंपनीच्या जाहिरातीत एक नट तिथल्या झाडाखाली बसून चहा प्यायला, तेव्हापासून ते झाडही प्रसिद्ध झालं. लोक लांबून येतात, भाड्याने सायकल घेतात, त्या झाडापर्यंत जातात आणि तिथे काहीही करत नाहीत. मला हा कार्यक्रम फार आवडला.

“त्यासाठी तैवान कशाला? नानांकडे उगावला जा,” बायको म्हणाली. “तिथे कसला आलाय आवाज!”

नाना म्हणजे तिचे चुलते. सासुरवाडी असूनही उगावला माझं जाणं लग्नकार्यापुरतं होतं. दुपारी पंगतीत बसायचं, संध्याकाळी परत. मुक्काम कधी घडला नव्हता. हे वाक्य बोलताना बायको कपाटात तोंड घालून काहीतरी शोधत होती. त्यामुळे तिचा चेहरा मला दिसला नाही.

नाशिकरोड, ओढा, खेरवाडी, कसबे सुकेणे, निफाड, उगाव. पॅसेंजरने निघालं की स्टेशनांच्या नावांबरोबर पीकही बदलत जातं आणि निफाडनंतर खिडकीबाहेर द्राक्षांखेरीज फारसं काही उरत नाही. जानेवारी संपत आला होता. मण्यांत पाणी उतरलं होतं, पहिल्या तोडण्या सुरू झाल्या होत्या. मेहुणा मोटारसायकल घेऊन स्टेशनवर आला होता.

“या दाजी! मुक्कामाला येऊ राह्यले म्हणे? तब्येत बरी आहे ना?”

चहा झाल्यावर मी मोठ्या उत्साहाने नानांना चिशांगचा व्हिडिओ दाखवला. तैवान त्यांना माहीत होतं. द्राक्षाची अर्धी बाग तोडून त्यांनी ‘तैवान पिंक’ पेरू लावला आहे, त्याआधी तैवानची पपईही करून झाली आहे. त्यांच्या लेखी तैवान म्हणजे फळाला जाळी आणि पिशवी घालायला लावणारा, पण भावात बरा असा देश. चष्मा लावून त्यांनी व्हिडिओ दोनदा बघितला.

“खांब नाहीत?”

“एकही नाही, नाना. तेच तर त्याचं सौंदर्य आहे.”

“मग मोटरा कशावर चालतात?”

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. चिशांगला सायकलवर जाणाऱ्यांपैकी कुणाकडेच नसावं. नाना उठले, ओसरीवरून पलीकडचा डीपी दाखवत म्हणाले, “हे आमचं प्रसिद्ध झाड, जावईबापू. याच्याखाली बसून कुणी चहा पीत नाही, पण गाव सगळं याच्याकडेच बघत असतं.”

हे त्यांनी विनोदाने म्हटलं असं मला तेव्हा वाटलं.

शेतीच्या विजेला पाळी असते. काही दिवस थ्री फेज दिवसा येते, काही दिवस रात्री. मी गेलो तेव्हा रात्रपाळी होती. बाराच्या सुमारास उशाशी फोन वाजला. माझाच असेल म्हणून झोपेत उचलला, तर एक बाई अत्यंत मंजुळ आवाजात म्हणाली, “मोटर चालू झाली आहे.” मी ताडकन उठून बसलो. शेजारच्या गादीवरून मेहुण्याने हात लांब करून फोन काढून घेतला.

“स्टार्टर आहे दाजी. विहिरीवरून बोलतो.”

मग कळलं की ही बाई रात्रभर बोलते. मोटर चालू झाली तरी सांगते, बंद झाली तरी सांगते, एक फेज गेला तरी सांगते, व्होल्टेज उतरलं तरी सांगते. “हिचं बरं एका रिंगमध्ये ऐकतात,” आतून वहिनींचा आवाज आला. म्हणजे घरात सगळेच जागे होते.

लघवीला बाहेर पडावं म्हणून कडी काढली तर नाना अंधारातून म्हणाले, “बॅटरी घ्या. आणि गाणं लावा.” उसातला बिबट्या आता बागांपर्यंत येतो. माणूस येतोय हे त्याला आधीच कळावं म्हणून रात्री आवाज करत फिरा, असं वनखातंच सांगतं. नाना हरिपाठ लावतात, मेहुणा मिरवणुकीतली गाणी लावतो. बिबट्याला काय जास्त आवडतं याबद्दल बाप-लेकात मतभेद आहेत. मी घाईत जे सापडलं ते लावलं, ते एका इन्शुरन्सचं निघालं. पण त्या रात्री बिबट्या आमच्या बाजूला फिरकला नाही हे खरं.

थंडीबद्दल एक शब्द लिहायलाच हवा, कारण निफाडकर तिच्याबद्दल दहा बोलतो. कुंदेवाडीला गव्हाचं संशोधन केंद्र आहे. त्र्यंबक, तपोवन या गव्हाच्या जाती तिथल्याच. त्या केंद्रावर पारा किती उतरला ते हिवाळ्यात राज्यभरच्या पेपरांत छापून येतं. महाबळेश्वरपेक्षा आपला आकडा खाली असला की इथल्या माणसाची छाती फुगते. फक्त ती स्वेटरच्या आत असल्याने दिसत नाही. गंमत अशी की ही थंडी गव्हाला हवी असते आणि द्राक्षाला नको असते. पारा फारच घसरला तर पाणी उतरलेल्या मण्यांना तडे जातात आणि वर्षाची कमाई एका पहाटेत जाते. नानांकडे गहूही आहे आणि द्राक्षंही आहेत. त्यामुळे ते एकाच थंडीबद्दल सकाळच्या एकाच चहात समाधान आणि चिंता दोन्ही व्यक्त करू शकतात. हे फार कमी माणसांना जमतं. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म निफाडचा. 18 जानेवारी 1842, म्हणजे ऐन कडाक्यातला. सुधारक म्हणून त्यांनी पुढे जे जे सोसलं, त्याचं आश्चर्य वाटायचं मला कारण उरलेलं नाही. निफाडच्या जानेवारीत पहिला श्वास घेतलेल्या माणसाला पुण्याचे सनातनी काय घाबरवणार!

तर पहाटे चारला मला शेकोटी करायला उठवलं. बागेच्या बांधाबांधाने ओला पालापाचोळा पेटवून धूर करायचा आणि ठिबक सोडून जमीन ओली ठेवायची, म्हणजे गारठा थोडा कमी बसतो. शेजारच्या बागेतही धूर होता, त्याच्या पलीकडच्या बागेतही. सगळे एकमेकांना आरोळ्या मारून विचारत होते, “किती दाखवू राह्यलं?” प्रत्येकाच्या मोबाईलवर वेगळा आकडा होता आणि प्रत्येकाचा आपल्या आकड्यावर विश्वास होता.

उजाडल्यावर ब्लोअर सुरू झाले. ट्रॅक्टरमागे लावलेलं हे फवारणीचं यंत्र द्राक्षबागेत शिरलं की आमच्या मंगल कार्यालयातला डीजे सात्त्विक वाटायला लागतो. त्यानंतर बागेत पाखरं येऊ नयेत म्हणून फटाके. त्यानंतर तोडणीच्या टोळीची जीप, तिच्यात गाणी. त्यानंतर उसाची दोन ट्रॉल्यांची गाडी, तिच्यात आणखी मोठी गाणी. त्यानंतर घंटागाडी. इथे मी भाच्याला फोन लावून ‘तुमच्याकडे बरं आहे बाबा’ म्हटलं, तर तो म्हणाला की तैवानात कचऱ्याची गाडी बीथोवन वाजवत येते, आणि ती धून ऐकली की माणसं पिशव्या घेऊन रस्त्यावर पळत सुटतात. व्हिडिओत ती गाडी कशी आली नाही कोण जाणे.

एवढ्यात आभाळ फाटलं. मी ओसरीच्या खांबाला धरलं. नानींनी भाकरी थापता थापता वर न बघता सांगितलं, “सुखोई.” ओझर याच तालुक्यात. तिथे 1964 पासून लढाऊ विमानांचा कारखाना आहे. आधी मिग, मग सुखोई, आणि ऑक्टोबर 2025 मध्ये तिथे बांधलेलं पहिलं तेजस मार्क-1एदेखील तिथूनच उडालं. आवाजावरून कुठलं विमान ते नानींना कळतं. आमच्या बायकोचा काचेवरचा व्यासंग कुठून आला, याचा उलगडा मला तिथे झाला.

माझी अवस्था बघून मेहुण्याला दया आली. “चला, तुम्हाला शांत जागी नेतो,” म्हणाला आणि नांदूरमध्यमेश्वरला घेऊन गेला. गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळ इंग्रजांच्या काळातला बंधारा आहे. त्यात वर्षानुवर्षं गाळ साचला, पाणथळ झाली आणि पक्ष्यांनी वस्ती केली. 2020 साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून त्याची नोंद झाली. फ्लेमिंगो होते, बदकांचे थवे होते, जांभळ्या पाणकोंबड्या होत्या आणि त्या सगळ्या मिळून जो कालवा करत होत्या त्याला तोड नव्हती. मनोऱ्यावर मात्र तोफेएवढी लेन्स लावलेले काही जण आले होते. मेहुण्याने नुसता घसा खाकरला तर त्यांतला एक ओठावर बोट ठेवून म्हणाला, “शूऽऽ! बर्ड्स डिस्टर्ब होतील.”

मेहुणा आयुष्यात प्रथमच पक्ष्यांसमोर गप्प उभा होता. तोंड उघडलं ते थेट गाडीपाशी. “दाजी, ह्याच भोरड्या आणि बुलबुल आमच्या बागेत येतात. त्यांच्यासाठी मी जाळ्या घेतल्या, फटाके घेतले, दिवसाला एक माणूस हाकलायला ठेवला. आणि हा भो पेट्रोल जाळून त्यांचे फोटो काढायला येतो. याला माझ्याकडे पाठवा. फुकट राहू देतो, फक्त रोज असाच बागेत उभा राहा म्हणावं, तोफ घेऊन.”

दुसऱ्या दिवशी नानांबरोबर कांद्याची ट्रॉली घेऊन लासलगावला गेलो. रांगडा कांदा निघाला होता. 1947 साली स्थापन झालेली ही बाजार समिती. कांद्याचा भाव देशात कुठेही विचारला की लासलगावचं नाव निघतं. इथल्याच अणुसंशोधनवाल्यांच्या विकिरण केंद्रातून 2007 साली हापूस अमेरिकेला गेला. म्हणजे देवगडचा आंबा, कांद्याचा वास सहन करत न्यूयॉर्कला पोचतो. पण ते जाऊ द्या. ट्रॉल्यांची रांग लागलेली असते आणि व्यापाऱ्यांचा घोळका एका ट्रॉलीवरून दुसऱ्या ट्रॉलीकडे सरकत जातो. कुणी कांदा हातात घेतो, दाबतो, टाकतो. आकडे ओरडले जातात, पन्नासने, पंचवीसने चढतात, आणि एकदम थांबतात. एका ट्रॉलीला मिनिटभरसुद्धा लागत नाही. नानांनी रोपं टाकल्यापासून चार-साडेचार महिने जे केलं होतं त्याचा निकाल मी पाण्याची बाटली उघडेपर्यंत लागला. भाव ना बरा होता ना वाईट. नानांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

“फार गोंगाट होतो का तुम्हाला?” परतताना त्यांनी विचारलं. मी सभ्यपणाने नाही म्हटलं.

“शांतता बघायची तर 2023 च्या डिसेंबरात यायचं होतं. 8 तारखेला निर्यातबंदी आली. लिलाव बंद. रांग नाही, ट्रॅक्टर नाही, चहाच्या टपऱ्यासुद्धा बंद. त्याआधी ऑगस्टात चाळीस टक्के शुल्क लावलं होतं, तेव्हाही असंच. असं शांत लासलगाव तुम्ही बघितलं नसेल. तुमच्या त्या तैवानवाल्यांनी लांबून येऊन फोटो काढले असते.”

मी काही बोललो नाही. पुढे उसाच्या गाडीवर कुठलंसं लग्नातलं गाणं लागलं होतं, ते आम्ही बराच वेळ तिच्या मागोमाग ऐकत गेलो.

त्या रात्री थकून लवकर झोपलो. दोन-अडीचला जाग आली, ती एका अनोळखी गोष्टीने. आवाज नव्हता. विहिरीवरच्या मोटरची घरघर नव्हती, कुठल्याही शेतातल्या कुठल्याही मोटरची नव्हती. फोनवाली बाई गप्प होती. कुत्री गप्प होती. टिपूर चांदणं पडलेलं, थंडी कडकडीत. ज्यासाठी आलो ती हीच! मी गोधडी गळ्यापर्यंत ओढली आणि डोळे मिटून तिचा उपभोग घ्यायला सुरुवात केली.

“लाईट गेली!” नाना ओरडले.

घर उठलं, वाडी उठली, अख्खं गाव उठलं. मोटर चालू असताना घोरणारी माणसं ती बंद पडल्याबरोबर दचकून जागी झाली होती. चौफेर बॅटऱ्या नाचू लागल्या, हरिपाठ आणि डीजे एकाच वेळी सुरू झाले. पाच मिनिटांत आम्ही पंधरा-वीस जण त्या प्रसिद्ध झाडाखाली, म्हणजे डीपीखाली, मान वर करून उभे होतो. वायरमन सकाळीच उगवणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. फ्यूज कुणी टाकायचा यावर चर्चा झाली, गेल्या खेपेला कुणी टाकला होता त्याची उजळणी झाली, पहाटे ठिबक सुटलं नाही तर कुणाच्या बागेचं काय होईल याचा हिशेब झाला. तैवानहून आणल्यासारखी शांतता पसरलेली होती आणि माझ्याखेरीज एकाही माणसाला ती नको होती. माझ्या हातात त्यांनी बॅटरी दिली होती. “हलवू नका दाजी, वर धरा.”

गावातल्या एका जाणत्याने लांब काठीने काहीतरी केलं. वर ठिणगी उडाली. लांब कुठेतरी एक मोटर कुरकुरली, मग दुसरी, मग सगळ्याच. पंधरा-वीस खिशांत पंधरा-वीस फोन एकदम वाजले आणि ती बाई पंधरा-वीस वेळा, थोड्याथोड्या अंतराने, चहूकडून म्हणाली की मोटर चालू झाली आहे.

“चला,” नाना जांभई देत म्हणाले, “आता लागेल झोप.”