संयान मंडळाच्या अधिपतींस, त्यांच्या संभाव्य उमेदवारीबाबत

प्रति,
श्रीमान मधुमती सुगतिप,
अधिपती, संयान मंडळ (राष्ट्रकूट राजवट),
मार्फत चिंचणी, तालुका डहाणू, जिल्हा पालघर.

विषय : डहाणू-तलासरी भागातून निवडणूक लढविण्याची पात्रता.

महोदय,

चिंचणीत १९५५ साली सापडलेल्या ताम्रपटांपैकी शके ८४८, म्हणजे इ.स. ९२६ च्या दानलेखावरून असे दिसते की, महोदय ताजिक, म्हणजे अरब, वंशाचे असून (‘मधुमती’ हे ‘मुहम्मद’चे संस्कृत वळण, असे अभ्यासक मानतात) सम्राट द्वितीय कृष्णाने त्यांच्याकडे संयानभोवतीच्या, म्हणजे आजच्या संजाणभोवतीच्या, किनारपट्टीचा कारभार सोपवला, पुढे तृतीय इंद्राच्या कारकिर्दीत महोदयांनी नदी ओलांडण्यासाठी विनामूल्य नावा ठेवल्या, भात आणि तूप वाढणारे अन्नसत्र चालवले आणि भगवतीच्या मठिकेला, म्हणजे छोट्या मठाला, सम्राटाच्या संमतीने जमीन दिली. अरब अधिपतीने देवीच्या नैवेद्याची तरतूद करावी, यात ताम्रपट कोरणाऱ्याला काही विशेष वाटल्याचे दिसत नाही. अर्थात त्या काळी मतदान नव्हते, आणि अधिकारी नेमताना सम्राटाला कोणाची समजूत काढावी लागत नसे. ही सोय आता उपलब्ध नाही.

महोदयांनी आज उमेदवारी अर्ज भरल्यास तो छाननीतच बाद होईल, हे प्रथम नमूद करणे आवश्यक आहे. मात्र त्याचे कारण धर्म नव्हे. पालघर लोकसभा मतदारसंघ आणि डहाणू, पालघर, विक्रमगड, बोईसर हे विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत, आणि अरब ही त्या यादीतील जमात नाही. वारली, कोकणा, मल्हार कोळी, काथोडी यांपैकी कोणत्या जमातीचे, एवढेच अर्ज विचारतो. देव कोणता, हे विचारत नाही. येथे एक बारकावा आहे, जो भल्याभल्या प्रचारकांच्या ध्यानात राहत नाही. अनुसूचित जातींसंबंधीच्या १९५० च्या आदेशात धर्माची अट आहे (आरंभी केवळ हिंदू, १९५६ पासून शीख आणि १९९० पासून बौद्धही), परंतु अनुसूचित जमातींच्या आदेशात ती मुळातच नाही, कारण जमातीची ओळख तिच्या वंशपरंपरेवर आणि चालीरीतींवर ठरते, असे कायद्याने गृहीत धरले आहे. हिरवा, हिमाय, कणसरी आणि वाघदेव यांना मानणारा वारली, विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या यात्रेला जाणारा वारली आणि तलासरीच्या चर्चमध्ये प्रार्थना करणारा वारली हे तिघेही त्या अर्जापुरते सारखेच वारली असतात.

ही व्यवस्था सर्वांना रुचली आहे, असे नाही. १९६२ साली लोहारदगा मतदारसंघात डेव्हिड मुंजनी यांच्याकडून पराभूत झालेल्या कार्तिक उराव यांनी, ख्रिस्ती झालेला मनुष्य उराव राहत नाही, असा दावा पाटणा उच्च न्यायालयात मांडला होता आणि न्यायालयाने तो फेटाळला. धर्मांतरितांना जमातींच्या यादीतून वगळावे ही मागणी मात्र तेव्हापासून जिवंत आहे आणि जनजाती सुरक्षा मंच ती ‘डिलिस्टिंग’ या नावाने आजही मांडत असतो. या मागणीचे एक वैशिष्ट्य असे की, तिचा सारा भर वारल्याने कोणता देव सोडला यावर असतो. वनहक्काचा दावा किती वर्षे पडून आहे, पेसा कायद्याने ग्रामसभेला दिलेला अधिकार कागदाबाहेर आला की नाही, वाढवण बंदरामुळे मच्छीमारांच्या जाळ्यांचे काय होणार, या प्रश्नांची उत्तरे उमेदवाराच्या देवघरात सापडत नसल्यामुळे ते तिच्या कक्षेबाहेर राहतात. डहाणूच्या मतदारांनी तर २०१९ आणि २०२४ मध्ये मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे विनोद निकोले यांना निवडून दिले. त्या पक्षाच्या तत्त्वज्ञानात महालक्ष्मीला कोणते स्थान आहे, हे विचारायला मतदार यात्रेतून थेट पक्ष कार्यालयात गेल्याची नोंद नाही.

तरीही महोदयांच्या हितचिंतकांनी प्रचारात धर्माचा आधार घेऊ नये. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२३(३) नुसार धर्म, वंश, जात, समुदाय किंवा भाषा यांच्या नावे मत मागणे वा नाकारण्यास सांगणे हा भ्रष्ट आचार, म्हणजे निवडणूक रद्द होण्यास पुरेसा ठरणारा गैरप्रकार, होय. विलेपार्ल्याच्या १९८७ च्या पोटनिवडणुकीतील विजय याच कलमाखाली रद्द झाला. आणि सांताक्रूझच्या १९९० च्या निवडणुकीतून उद्भवलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने २ जानेवारी २०१७ रोजी चार विरुद्ध तीन मतांनी ठरवले की, बंदी केवळ उमेदवाराच्या धर्मापुरती नसून मतदाराच्या धर्मालाही लागू आहे. अल्पमतातील न्यायमूर्तींनी म्हटले की, ज्यांना धर्म वा जातीमुळे अन्याय सोसावा लागला, त्यांनी त्या अन्यायाविषयी बोलणे हा लोकशाहीचाच भाग आहे. आणि या मुद्द्याला बहुमताच्या निकालाने पुरेसे उत्तर दिले, असे म्हणणे कठीण आहे. उमेदवार धर्माच्या आधारे कोणते धोरण राबवणार, हे विचारण्याचा मतदाराचा हक्क रास्तच आहे. त्याने कोणत्या धर्मात जन्म घेतला हा त्याहून निराळा, आणि बहुधा निरुपयोगी, प्रश्न आहे. तथापि कायदा मत मागणाऱ्याला बांधतो, मत देणाऱ्याला नाही. मतदान यंत्रासमोर उभा असलेला मनुष्य महोदयांना केवळ त्यांच्या वडिलांच्या, सहियारहार यांच्या, नावावरून नाकारू शकतो, आणि त्याला कारण विचारणारे कोणतेही कलम नाही.

शेवटी महोदयांच्या कार्याविषयी. निवडणूक काळात मतदारांना भात आणि तूप वाढणे हे कलम १२३(१) अन्वये लाचेत मोडू शकते. मठिकेला नेमक्या त्याच सुमारास जमीन दिल्यास आचारसंहितेची नोटीस निश्चित आहे. नावांची बाब अधिक गंभीर आहे, कारण मतदारांना मतदान केंद्रापर्यंत फुकट पोहोचविण्यास मनाई करणाऱ्या कलम १२३(५) मध्ये कायदेकर्त्यांनी वाहनासोबत जलयानाचाही स्पष्ट उल्लेख करून ठेवला आहे. तरी मतदानाच्या दिवशी सर्व नावाड्यांना सुटी द्यावी, अथवा प्रवाशांकडून रीतसर भाडे घेऊन पावती द्यावी.

कळावे,
चिंचणी परिसरातील मतदारांच्या वतीने