तीन बोटं समुद्र

आत्याच्या घरातून समुद्र दिसायचा. फक्त तो बघण्याची एक रीत होती. मागच्या गॅलरीत जायचं, पाण्याच्या पिंपाला वळसा घालायचा, उजवा खांदा कठड्याला टेकवायचा आणि मान विसरल्यासारखी बाहेर काढायची. मग समोरच्या दोन इमारतींच्या फटीत तीन बोटं रुंदीची राखाडी पट्टी दिसे. तोच अरबी समुद्र. नव्या पाहुण्याला हा विधी चहाच्या आधी करावा लागे. "दिसला?" आत्या आतून विचारायची. "दिसला" म्हटल्याशिवाय चहा उकळत नसे. निम्म्या पाहुण्यांनी पलीकडच्या गच्चीवरचं निळं प्लास्टिक पाहूनच होकार दिला असणार, असा माझा अंदाज आहे.

घर शिवाजी पार्कात, कॅडल रोडच्या अलीकडे. त्या रस्त्याला स्वातंत्र्यवीर सावरकरांचं नाव देऊन जमाना लोटला, पण आत्याच्या तोंडी अजून कॅडल रोडच. मैदान १९२५ साली लोकांसाठी खुलं झालं तेव्हा माहीम पार्क होतं. १९२७ मध्ये नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकारानं त्याला शिवाजी महाराजांचं नाव मिळालं. पुढच्या वीस-एक वर्षांत भोवती तीन-तीन मजल्यांची घरं उठली. त्यातल्या एकात आत्या लग्न होऊन आली, पागडीच्या दोन खोल्यांत. भाडं इतकं किरकोळ की मालक ते न्यायला यायचंही विसरे.

एकदा एक एजंट आला. त्यानंही मान बाहेर काढली, बराच वेळ फटीत पाहिलं आणि वहीत लिहिलं, 'पार्शल सी-व्ह्यू'. आत्या हरखली. तीन बोटांना इंग्रजी नाव आहे आणि त्या नावाला भावही आहे, हे तिला नवीनच होतं. त्या दिवसापासून ती पट्टी ओल्या फडक्यानं पुसून ठेवावी तशी तिची नजर तिच्यावर फिरू लागली. सी-लिंक झाला तेव्हा ती खरोखर रागावली. ३० जून २००९ ला मुंबई त्या पुलाचं कौतुक करत होती आणि आत्या गॅलरीतून सांगत होती, "मधल्या बोटात खांब घातलाय मेल्यांनी!"

समुद्राचा शेजार ही चीज पाहुण्याला जितकी समजते तितकी घरवाल्याला समजत नाही. पाहुणा चार दिवस राहतो, वारा खातो, कीर्ती कॉलेजजवळचा चुरा घातलेला वडापाव खातो आणि "काय नशीबवान आहात!" म्हणून दादरला गाडी पकडतो. मागे राहतात ते पापड, संध्याकाळपर्यंत रुमालासारखे मऊ झालेले. खिडकीच्या जाळ्या गंजतात, फ्रिजची पाठ गंजते, मिठाच्या बरणीला घाम सुटतो. खारा वारा भिंतीत शिरतो, आतल्या सळ्या फुगतात आणि एक दिवस छताचा तुकडा आमटीत पडतो. ज्या समुद्रानं जागेचा भाव वाढवला, त्यानंच इमारत आतून खाल्ली. व्याज म्हणून असेल.

आणि चौपाटी तरी पूर्ण वेळ कुठे असते? माहीमच्या उपसागराचा हा किनारा चिंचोळा. पूर्ण भरतीला बऱ्याच ठिकाणी पाणी थेट भिंतीला येऊन थापा मारतं. आतोबा मालवणकडचे, त्यामुळे त्यांनी आत्याला जुना हिशेब शिकवला होता : तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ हाती येते. पाहुणे कपडे बदलून, पोरांना टोप्या घालून दारात उभे राहिले की आत्या कालनिर्णयकडे बघून जाहीर करायची, "आज दशमी. दहाची पाऊणपट साडेसात. आत्ता वाळूबिळू काही नाही, भजी खा आणि दहानंतर जा." पावसाळ्यात तर समुद्र महिनोन्‌महिन्यांचं आपलं प्लास्टिक प्रामाणिकपणे परत आणून देतो. हरवलेली चप्पल सापडेल म्हणून आम्ही लहानपणी खरंच शोधायचो.

सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखो माणसं येतात. विदर्भातून, मराठवाड्यातून, डोक्यावर बोचकी, कडेवर मुलं. पार्कातल्या काही बाल्कन्या त्या दिवसांत गर्दीबद्दल कुरकुरतात. मला ती कुरकुर कधी पटली नाही. दरवर्षी इतक्या लांबून कुणी आपल्या गल्लीपर्यंत चालत येतं, याचा अभिमान वाटायला हवा. एका वर्षी अभिवादन करून परतणारी हिंगोलीकडची एक बाई आत्याकडे पाणी मागायला थांबली. समुद्र पहिल्यांदाच पाहिला म्हणाली, पदर अजून ओला होता. मग तिनं विचारलं, "तुमचं घर हितंच? मग रोज जात असाल की पाण्यात!"

"हो, रोज," आत्या म्हणाली.

ती गेल्यावर आत्या बराच वेळ मोरीपाशी उभी होती. गणपती विसर्जनाला गेली होती ती शेवटची, तीही दोन वर्षांपूर्वी. त्या संध्याकाळी तिनं कालनिर्णय न बघताच चपला घातल्या.

पुढे व्हायचं तेच झालं. इमारत पुनर्विकासाला गेली. चार वर्षं ठाण्यात काढून आत्या त्याच जागी, पण सोळाव्या मजल्यावर परतली. आता भिंतभर काच आणि काचेभर समुद्र. पुलाचे खांब, वरळीचे मनोरे, होड्या, सगळं. पूर्वीच्या वर्षाच्या भाड्यात आताच्या मेंटेनन्सचा एक दिवसही निघत नाही. खिडकी पश्चिमेची, म्हणून दुपारी तीनपासून उन्हाच्या भट्टीत पडदे ओढलेले. वर वारा इतका की काच उघडली तर पंचांग उडतं. समुद्र आहे, पण पडद्यामागे, सासरी आलेल्या जुन्या काळच्या सुनेसारखा.

गेल्या महिन्यात गेलो तेव्हा मी दारातूनच म्हणालो, "वा! काय समुद्र दिसतोय!"

"तो काय, कुणालाही दिसतो," आत्या म्हणाली आणि मला मागच्या कोरड्या बाल्कनीत घेऊन गेली. वॉशिंग मशीनला वळसा घालायला लावला, उजवा खांदा कठड्याला टेकवायला सांगितला. दोन टॉवरांच्या मधून खाली मैदानाची लाल माती दिसत होती, तिच्यावर क्रिकेट खेळणारी मुंगीएवढी पोरं. रुंदी बरोबर तीन बोटं.

"दिसलं?" आत्यानं विचारलं. आत चहाचं आधण अजून थंडच होतं.