अण्णांचा पिंजरा

अण्णांच्या गळ्यात माळ आहे आणि माळ्यावर उंदीर आहेत. माळ घातल्यापासून अण्णांनी मटण सोडलं, जीवहत्या सोडली, तंबाखू सोडता सोडता राहिली. उंदरांनी मात्र काहीच सोडलेलं नाही. ज्वारीचे कट्टे, फ्रिजमागची वायर, हरिपाठाच्या पुस्तकाचा कोपरा. "त्याचे दात जन्मभर वाढत असतात. कुरतडणार नाही तर करील काय बिचारा?" असं अण्णाच आपल्याला समजावतात.

उंदीर मेलेला हवा, पण मारलेला नको, अशी माणसं लोणी काळभोरात आळीआळीला आहेत. अण्णा त्यांचे मुकुटमणी.

पूर्वी शेतात त्यांनी झिंक फॉस्फाईड वापरलेलं. आधी दोन-तीन दिवस नुसता तेल लावलेला भरडा ठेवायचा, उंदरांचा विश्वास बसला की औषध कालवायचं. "हा विश्वासघात झाला," असं ते आता म्हणतात. कृषी सेवा केंद्रवाल्यानं मग ब्रोमॅडिओलोनचा केक दाखवला. यानं रक्त गोठायचं थांबतं, उंदीर चार-पाच दिवसांनी जातो. अण्णांचा चेहरा खुलला. सोमवारी खाल्लं, शुक्रवारी गेला. मधे त्याला आणखी काय झालं असेल, आपल्याला काय ठाऊक? तरी स्वतःच्या हातानं केक ठेववेना. "तू ठेव," काकूंना म्हणाले.

"म्हणजे वैकुंठाला तुम्ही एकटेच जाणार का?" काकूंनी विचारलं. केक अजून फडताळात आहे.

मी त्यांना मंत्रालयाची गोष्ट सांगितली. मंत्रालयात सात दिवसांत ३,१९,४०० उंदीर मारल्याचं कागदोपत्री दिसतं, असं मार्च २०१८ मध्ये एकनाथ खडसे विधानसभेत म्हणाले होते. पुढं सरकारकडून खुलासा आला, की तो आकडा उंदरांचा नाही, गोळ्यांचा. मला वाटलं, अण्णा हसतील. अण्णा भारावले. "याला म्हणतात कारभार! गोळ्या मोजायच्या. उंदीर मोजायचेच नाहीत."

आषाढीच्या तोंडावर प्रकरण चिघळलं. तुकोबांच्या पालखीचा मुक्काम लोणीला, म्हणून वारकऱ्यांच्या भाकरीसाठी आणलेल्या कट्ट्यालाच भोक पडलं. काकूंनी कुणाला न विचारता चिकट पॅड आणून माळ्याच्या शिडीखाली ठेवला. रात्री उंदीर चिकटला आणि चिरकायला लागला. अण्णा उठले. बघतात तर चारही पाय रुतलेले, शेपटी आपटतेय, आणि एक डोळा नेमका अण्णांकडे. अण्णा खाली मांडी घालून बसले. गोड्या तेलाची किटली घेतली, बोटानं एकेका पायाखाली तेल सोडत राहिले. तेलानं गोंद सुटतो, हे मात्र खरं. पहिला पाय सुटताच उंदीर अण्णांच्या अंगठ्याला चावला. "चाव बाबा," म्हणत त्यांनी दुसऱ्या पायाखाली तेल सोडलं.

"आम्हाला भाजीत दोन थेंब जास्त पडले की ओरडता!" दारातून काकू.

सकाळी अण्णा धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन आले आणि येताना पिंजरा. आता रोज रात्री त्यात भजं लागतं (कांद्याचं नाही, अण्णा कांदा खात नाहीत), आणि सकाळी पिशवीत झाकलेला पिंजरा स्कूटरच्या पुढ्यात ठेवून अण्णा थेऊरला जातात. चिंतामणीचं दर्शन घेतात, गावाबाहेर दार उघडतात. "गणपतीचं वाहन गणपतीच्या गावात जमा केलं. यात गैर काय?"

गैर काहीच नाही. फक्त थेऊरात अण्णांचे साडू राहतात.

परवा साडूंचा फोन आला तेव्हा मी तिथंच होतो. यंदा उंदीर कुठून आलेत कळत नाही, घरात धान्य ठेवायची सोय राहिली नाही, म्हणत होते. अण्णांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. हळहळले. मारू नका म्हणाले. आपला पिंजरा द्यायची तयारी दाखवली.

"फक्त एक करा," ते फोन दुसऱ्या कानाला लावत म्हणाले, "सोडायचे तर पालखीच्या वाटेनं सोडा. पुढं यवतला न्या. मागं लोणीकडं आणू नका, ते शास्त्रात बसत नाही."