संदेशांचे कप्पे : लावण्याची शास्त्रोक्त रीत

मोबाइलवर संदेशांचे कप्पे कसे करावेत हे सांगणारे पुष्कळ भेटतात. कप्पे कशासाठी असतात हे कोणी सांगत नाही. तेव्हा अभ्यासकाने पहिला सिद्धान्त पाठच करावा : कप्पे संदेशांचे नसतात, माणसांचे असतात. सरकारी अभिलेख कक्षात कागदांचे अ, ब, क, ड असे वर्ग पडतात. 'अ' कायम जपायचा, 'ड' वर्षभराने नष्ट करायचा. तिथे कागदात काय लिहिले आहे यावर वर्ग ठरतो. फोनवर तो पाठवणाऱ्यावरून ठरतो. "ऊस गेला का?" एवढाच मजकूर व्याह्यांकडून आला तर चॅट वर पिन होते, पतसंस्थेच्या वसुलीवाल्याकडून आला तर तीच पाच अक्षरे संग्रहात (आर्काइव्हमध्ये) जातात.

व्हॉट्सअ‍ॅपवर संग्रहात टाकण्याची कृती सोपी आहे. चॅट दाबून धरावी आणि वर दिसणाऱ्या खाली बाण असलेल्या खोक्यावर बोट ठेवावे. समोरच्याला काही कळत नाही. पूर्वी नवा संदेश आला की पुरलेली चॅट उसळून वर यायची आणि गृहस्थ उघडा पडायचा. 2021 साली व्हॉट्सअ‍ॅपने ती सोय बदलली. आता संग्रहातले संग्रहातच राहते. यावर कोणी म्हणेल, एवढा आटापिटा कशाला, सरळ ब्लॉक करा. हा सल्ला शहरातला. लहान गावात ज्याला ब्लॉक करायचे तो सकाळी डेअरीवर दुधाच्या रांगेत पुढे उभा असतो आणि संध्याकाळी त्याच्याच भाच्याच्या साखरपुड्याला जायचे असते. तिथे नाते न तोडता उत्तर टाळण्याची सोय लागते, आणि ती संग्रह देतो. "अरे, तुझा मेसेज खाली गेला होता बघ," हे वाक्य खोटे नाही, हीच त्याची खुबी. फक्त खाली कोणी घातला, ते बोलायचे नाही.

अनोळखी माणसांचा कप्पा वेगळा. फेसबुकने तो आधी 'इतर' या नावाने काढला आणि लोकांना तो आहे हेच कळेना. मग 2012च्या अखेरीस पैसे भरून थेट इनबॉक्समध्ये शिरण्याचा प्रयोग झाला. खुद्द फेसबुकचे संस्थापक झुकरबर्ग यांना संदेश पोचवायचा दर काहींना 100 डॉलर दिसला. म्हणजे साहेबांच्या केबिनबाहेरच्या शिपायाचा हिशोब अमेरिकेतही पोचला होता. 2015पासून त्या जागी 'संदेश विनंत्या' आल्या. विनंती स्वीकारेपर्यंत तुम्ही ती वाचल्याचे पाठवणाऱ्याला दिसत नाही. हा कप्पा मात्र आठवड्यातून एकदा उघडाच. लोनवाल्यांच्या गर्दीत एखादा जुना वर्गमित्रही ताटकळलेला असतो.

आता खरा आक्षेप. कामाचे संदेश सापडावेत म्हणून कप्पे हवेतच ना? हवेत, पण नेमके तिथेच ते नापास होतात, कारण कप्प्यात अख्खी चॅट जाते, संदेश नाही. नीरा डाव्या कालव्याच्या शेपटाकडे शेती असलेल्याला पाण्याचे आवर्तन कधी सुटणार आणि पाणी मागणीचा सात नंबरचा अर्ज कधीपर्यंत भरायचा, या दोन तारखा जिवाच्या असतात. त्या येतात कुठे? गटावर, वर गुलाबाच्या फुलात 'शुभ सकाळ', खाली वाढदिवसाच्या नेत्याचा बॅनर. गट संग्रहात टाकला तर पाणी गेले, वर ठेवला तर डोके गेले. उपाय एकच : तो एक संदेश दाबून धरा आणि तारा मारा. तारांकित संदेश वेगळ्या यादीत मिळतात. नाहीतर भिंगाच्या खुणेवर 'आवर्तन' टाइप करा, क्षणात सापडेल.

पण हे कोणी करत नाही. तारीख उलटायच्या आदल्या रात्री "कोणाकडे ती तारीख आहे का?" असा प्रश्न गटावर पडतो, आणि उत्तरादाखल ओळीने जोडलेले हात येतात.